१२ एमएमचा प्लंज राऊटर घेऊ का ८ चा? आधी ट्रिमरमधलं बिट का उतरलं ते बघू

तुमचं म्हणणं मी एकदा माझ्या शब्दात मांडतो, म्हणजे काही चुकत असेन तर लगेच सांगा. तुमच्याकडे घरी छोटा ट्रिमर आहे (फिरत्या पात्याने, म्हणजे बिटाने, लाकडात खोबण मारणारा हातातला छोटा राऊटर), सागाच्या देवघराच्या चौकटीत मागच्या फळीसाठी खोबण मारत होतात, ६ एमएम खोल ठरवलेली खोबण शेवटाला जाईपर्यंत ९ झाली कारण बिट आपोआप खाली उतरत गेलं, कडा जळून काळ्या पडल्या, आणि ज्याला विचारलं त्याने एकच सांगितलं की ट्रिमरचा जीव छोटा, सरळ १२ एमएमचा मोठा प्लंज राऊटर घे, म्हणजे १२ एमएम जाड दांडीचं बिट बसणारा आणि बिट वरून दाबून लाकडात उतरवता येणारा. बजेट पंधरा हजार, काम फक्त शनिवार-रविवार, जागा नाशिकच्या इंदिरानगरमधल्या फ्लॅटची गॅलरी, आणि पुढे देवघराला पाकळ्यांची महिरप पण करायचीये.

प्लंज राऊटर घ्या, तुमच्या कामाला तो लागणारच आहे. पण तुम्ही ज्या कारणासाठी घेताय ते कारण मला पटत नाही, आणि ते आधी नीट समजून घेतलं नाही तर मोठ्या मशीनवरही हेच होईल, फक्त लाकूड जास्त जाईल आणि भीतीही जास्त वाटेल.

बिट उतरणं हा ताकदीचा प्रश्न नाहीये. मोटर कमी पडली की मशीन दबतं, आवाज खाली येतो, जागेवर अडकतं. बिट कॉलेटमधून, म्हणजे त्याची दांडी धरणाऱ्या चिरांच्या नळीतून, बाहेर येतं ते पकड नाही म्हणून. आणि आपल्याकडे पकड नसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे मापाची सरमिसळ. बाजारात ६ एमएम, पाव इंच म्हणजे ६.३५, ८ एमएम, १२ एमएम आणि अर्धा इंच म्हणजे १२.७ अशा पाच जातीच्या दांड्यांचे बिट एकाच काचेखाली ठेवलेले असतात. मिस्त्री लोक सुतात बोलतात, इंचाचे आठ सूत, म्हणजे पाव इंच दोन सूत, मग काउंटरवर ६ वालं पण दोन सूत आणि ६.३५ वालं पण दोन सूतच. ०.३५ एमएमचा फरक नुसत्या डोळ्याला कळत नाही. पाव इंची कॉलेटमध्ये ६ चं बिट घातलं आणि नट आवळला तर ते घट्ट बसल्यासारखंच वाटतं, पण कॉलेट दांडीला पूर्ण लांबीत धरत नाही, फक्त तोंडाशी चिमटा घेतल्यासारखं धरतं. मग मशीन २५-३० हजार आरपीएमला (मिनिटाला तेवढे फेरे) फिरायला लागलं, सागाची कंपनं हाताला आली, की बिट हळूहळू उतरायला लागतं.

मी हे स्वतः भोगलंय. सातपूरला वर्कशॉप टाकलं त्याच्या दुसऱ्याच वर्षी एका दुकानातून १२ च्या आणि अर्ध्या इंचाच्या बिटांचा मिक्स डबा आला, मी न मोजता १२ चं बिट अर्ध्या इंचाच्या कॉलेटमध्ये लावलं, आणि तयार दाराच्या कडेला लॉकची खाच मारताना ते उतरत उतरत दारात खोलवर गेलं. गिऱ्हाईकाला नवीन दार दिलं. त्या दिवसापासून व्हर्नियर (बारीक माप घ्यायचं कॅलिपर) कायम राऊटरच्या पेटीत असतो आणि नवीन आलेलं प्रत्येक बिट मोजून त्यावर मार्करने आकडा लिहिल्याशिवाय ते लावत नाही, माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरांनाही पहिला धडा हाच.

बिट लावायची पद्धत पण बघून घ्या. दांडी आत टेकेपर्यंत घालायची, मग २-३ एमएम मागे घ्यायची आणि मग आवळायचं. कारण नट आवळताना कॉलेट थोडं आत ओढलं जातं, दांडी बुडाला टेकलेली असेल तर त्याला सरकायला जागाच राहत नाही आणि पकड अर्धी येते. दांडीचा निदान पाऊण भाग आत हवा, खोली कमी पडतेय म्हणून बिट बाहेर काढून लांब करायचं नाही, त्यासाठी लांब बिट मिळतं. कॉलेट आतून कोरड्या कापडाने पुसायचं, सागाचा चिकट भुसा तिथे जमतो आणि मग पॉलिश केल्यासारखी दांडी आत सुळकन फिरते. आणि रिकामं कॉलेट कधी आवळून ठेवू नका, त्याचा आकार जातो. कॉलेट ही वापरून झिजणारी वस्तू आहे, ब्लेडसारखीच, दोन-चार वर्षांनी बदलायची.

कडा जळण्याचं कारण वेगळं आहे पण नातं जवळचं. माझा अंदाज, तुम्ही ६ एमएमची पूर्ण खोली एकाच पासात, म्हणजे मशीनच्या एकाच फेरीत, मारायला गेलात, मशीन दबलं म्हणून हात हळू केलात, आणि हात हळू झाला की बिट कापायच्या ऐवजी घासायला लागतं. घासलं की तापलं, तापलं की जळलं. वरून सागात तेलकटपणा आणि सिलिका दोन्ही असतं, त्यामुळे धार इतर लाकडापेक्षा लवकर बोथट होते आणि पात्यावर काळा थर चढतो. तो थर थिनरमध्ये बिट थोडा वेळ बुडवून पितळी ब्रशने काढा (हे उघड्यावर, पेटत्या कशाच्याही लांब), लोखंडी पत्तीने खरवडू नका, बिटाला लावलेली कार्बाईडची धार कडक पण ठिसूळ असते.

आता मशीन. इथे सगळं तुम्ही पुढे काय करणार त्यावर ठरतं, म्हणून मी दोन्ही बाजू सांगतो. मोठ्या मशीनवाल्यांचं म्हणणं खोटं नाहीये. दांडी वाकू नये यासाठी जाडी फार महत्त्वाची, कारण ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, पाव इंचापेक्षा अर्ध्या इंचाची दांडी सोळा पट ताठ असते. तुम्ही दरवाजे, चौकटी, जिन्याचे कठडे, लॉकच्या खोल खाचा असं करणार असाल तर १२ किंवा अर्धा इंचच घ्या, दुसरा विचार नको. पण हाच हिशोब खाली लावून बघा, ६ वरून ८ ला गेलं तरी ताठपणा तिपटीहून जास्त होतो. देवघर, छोटी कपाटं, टेबल, फोटोफ्रेम, महिरप या सगळ्याला ८ ची दांडी पुरून उरते.

वजनाचं पण बघा. मकिताचा आरपी २३०१ एफसी २१०० वॉटचा, सहा किलोच्या आसपास. मशीन उत्तम, माझ्याकडे त्याच ताकदीचं एक आहे, पण ते मी टेबलाखाली उलटं लावूनच जास्त वापरतो. ३ इंची पट्टीच्या कडेवर सहा किलोचं मशीन हातात तोललं जात नाही, जरा कललं की कड गेली. बॉशचा जीओएफ १३० हा १३०० वॉटचा, साडेतीन किलोच्या आसपास, ११ हजार ते २८ हजार आरपीएम. तुमच्या कामाला हा वर्ग बरोबर आहे. मकिताचा आरपी ०९०० पण हलका आणि चांगला, पण त्याला एकच स्पीड, २७ हजार, म्हणजे मोठ्या व्यासाचं बिट त्यावर लावता येत नाही, हे लक्षात ठेवून घ्यायचा. मी कुठल्या कंपनीचा माणूस नाही, उदाहरणं दिली ती वर्ग कळावा म्हणून.

अजून एक, फ्लॅटमध्ये राहता म्हणून. मोठ्या वर्गातलं १८५० वॉटचं मशीन २३० व्होल्टला ८ अँपियर घेतं, घरातल्या साध्या ६ अँपियरच्या पॉइंटवर ते चालवायचं नसतं. १३०० वॉटचं सुद्धा साडेपाच-पावणेसहा घेतं म्हणजे काठावरच, तेही १६ च्या पॉइंटवर लावा. आणि एक्स्टेन्शन घेतलंत तर वायर २.५ स्क्वेअर एमएमची घ्या, मोबाईल चार्जरवाला बोर्ड वापरू नका.

दुकानात गेल्यावर बॉक्सवरचे वॉट वाचत बसू नका, मशीन हातात मागा. दोन्ही मुठी धरून खाली दाबा, मग एकाच मुठीने दाबा. एका बाजूने दाबल्यावर अडकत, खरखरत जात असेल तर ते मशीन सोडा, प्लंज राऊटरचं सगळं सार त्या दोन खांबांवर सरळ खाली-वर होण्यात आहे. पूर्ण वर असताना मोटर धरून हलवा, खडखड नको. लॉकचा खटका हात मुठीवरून न काढता अंगठ्याने किंवा बोटाने लागतो का बघा, कारण चालू मशीनवर हात सोडून खटका शोधायची वेळ येता कामा नये. कॉलेट बाहेर काढून बघा, दोन-चार चिरांपेक्षा आठ चिरांचं कॉलेट दांडीला सगळीकडून सारखं धरतं. स्पीड बदलता येतो ना, सॉफ्ट स्टार्ट (झटका न देता हळूहळू वेग घेणं) आहे ना, साईड गाईड (लाकडाच्या कडेला टेकून चालणारी पट्टी) आणि गाईड बुश (बिटाभोवतीची, साच्याला टेकून चालणारी कडी) लावायची सोय आहे ना, आणि वेगळी कॉलेट सुटी मिळतात ना, एवढं विचारा. अंबड-सातपूरला टूलरूममध्ये कोणी ओळखीचं असेल तर डायल गेज लावून दांडीचा रनआऊट, म्हणजे फिरताना ती किती डगमगते ते बघून घ्या, ०.०५ एमएमच्या आत असला तर मी ते मशीन डोळे झाकून घेतो. आणि आधी जवळच्या दोन-तीन दुकानांत कुठल्या दांडीचे बिट नेहमी ठेवतात ते विचारून या. मशीन ८ चं आणि बिट फक्त पाव इंची मिळतायत असं झालं तर पाव इंचाचं कॉलेट सोबतच घेऊन ठेवायचं.

बजेटचे तीन वाटे करा, दोन वाटे मशीनला, एक वाटा बिट, बुश आणि दोन चांगले क्लॅम्प यांना. ५० बिटांचा लाकडी पेटीतला सेट घेऊ नका, त्यातले चार-पाच सोडले तर बाकीचे तसेच गंजतात. तुम्हाला आत्ता लागतात फक्त ६ आणि ८ एमएम रुंद कापणारं सरळ बिट (हे माप दांडीचं नाही), एक बेअरिंगवालं सरळ, एक गोलाई मारायचं. सगळे कार्बाईडचे, कारण साधं एचएसएस (हायस्पीड स्टील) प्लायच्या गोंदावर आणि सागावर टिकत नाही. सरळ बिट घेताना उलटं करून बुडाकडे बघा. बुडाला आडवी धार नसेल तर ते बिट कडेने कापतं पण सरळ खाली घुसत नाही, मधोमध लाकूड राहतं आणि तिथेच धूर निघतो. प्लंजसाठी बुडाला धार असलेलंच मागा. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, बरीच बिटं जाळून कळलं.

साग कुठला वापरताय ते तुम्ही लिहिलं नाही. पंचवटी किंवा जुन्या नाशकातल्या पाडलेल्या वाड्याचा असेल तर लाकूड सोन्यासारखं आहे, पण त्यात खिळे असतात, डोकं तुटून आत राहिलेले, वरून दिसतही नाहीत. राऊटर लावायच्या आधी ताकदवान लोहचुंबक दोऱ्याला बांधून सगळ्या फळीवरून फिरवा. खिळा लागला तर कार्बाईडचा तुकडा उडतो आणि तो कुठे जाईल सांगता येत नाही.

स्पीडचं गणित साधं आहे. १२ एमएम व्यासाचं बिट २४ हजारला फिरलं तर त्याची कड सेकंदाला १५ मीटर जाते, तेच ५० एमएमचं बिट त्याच आरपीएमला लावलं तर ६३ मीटर. म्हणून २५ एमएमपर्यंतची बिटं २२-२४ हजारला चालतात, त्याच्या वर ५० पर्यंत १८ हजार, आणि त्याहून मोठी असतील तर १६ हजार किंवा खाली, बिटावर कमाल आकडा छापलेला असेल तर तोच शेवटचा. ५० च्या वरची पॅनेल मारायची बिटं हातातल्या मशीनवर लावूच नका, ती टेबलाची कामं आहेत.

चालवताना माझा नियम असा, सागात एका पासाला बिटाच्या कापायच्या जाडीच्या अर्धी खोली, ८ चं बिट तर ४ एमएम. ६ ची खोबण म्हणजे ३, मग अडीच, मग शेवटचा अर्धा एमएम पुसल्यासारखा. त्यासाठीच तर प्लंज मशीनला खाली तीन पायऱ्यांची चकती असते, तिन्ही उंच्या आधी लावून ठेवायच्या आणि प्रत्येक पासाला चकती फिरवायची. क्रम कायम तोच ठेवा, मशीन लाकडावर ठेवून चालू, पूर्ण स्पीड येऊ द्या, खाली दाबा, लॉक, मग पुढे ढकला, संपल्यावर लॉक सोडून बिट वर येऊ द्या, मग बंद, आणि फिरणं थांबेपर्यंत मशीन तसंच ठेवा.

दिशा चुकली तर मशीन हातातून ओढून नेतं, म्हणून हे नीट वाचा. वरून बघताना बिट घड्याळाच्या काट्यांसारखं फिरतं. तुम्ही मशीन अंगापासून पुढे ढकलत असाल तर ते डावीकडे ओढ घेतं. म्हणून साईड गाईड उजव्या बाजूला लावायचा, मग ती ओढ गाईडला लाकडाच्या कडेवर आवळून धरते. गाईडऐवजी सरळ पट्टी क्लॅम्प केली असेल तर ती मशीनच्या डाव्या हाताला हवी. फळीच्या बाहेरच्या कडेने फिरताना घड्याळाच्या उलट, आणि आतल्या भोकाच्या कडेने फिरताना घड्याळासारखं. चारही कडा मारायच्या असतील तर आधी लाकडाच्या आडव्या रेषांच्या म्हणजे टोकाकडच्या कडा मारा, तिथे कोपरा थोडा फाटला तरी नंतर लांब कड मारताना तो निघून जातो.

आणि आता महिरप, ज्याच्यासाठी खरं तर मी एवढं लिहायला बसलो. नाशिकच्या सरकारवाड्यासारख्या जुन्या वाड्यांमधलं लाकूडकाम बघून येणारे बरेच जण विचारतात की हे राऊटरने होतं का. ते सगळं पटाशीचं काम आहे, राऊटर त्यातलं अर्धंच करून देतो, पण जे अर्धं करतो ते दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखं करतो.

१२ एमएमच्या एमडीएफचा साचा करा आणि गाईड बुश लावा. बुशचा बाहेरचा व्यास १६, बिट ८, तर फरकाचं अर्धं म्हणजे ४ एमएम. तुमची कमान हे आतलं भोक आहे, म्हणून साच्यातलं भोक सगळीकडून ४ एमएमने मोठं कापायचं. कागदावर महिरप काढून कंपासने तिच्या बाहेर ४ एमएमची दुसरी रेघ मारा, साचा त्या रेघेवर. आता पाकळ्यांचं बघा. पाकळीची आत वळलेली गोलाई साच्यात निदान ८ एमएम त्रिज्येची हवी, नाहीतर बुश आत शिरणारच नाही. आणि दोन पाकळ्या मिळतात ती टोकं साच्यात कितीही टोकदार ठेवलीत तरी लाकडात ती ४ एमएम गोल होऊनच येणार, कारण बुश टोकाला वळसा घालून जातो. तिथे शेवटी पटाशी आणि गोल कानस, त्याला पर्याय नाही. हे आधी माहीत असेल तर वाईट वाटत नाही.

फळी २० एमएमची धरली तर साच्याचे १२ मिळून बिटाला ३२ च्या वर पोचायला लागतं, बिट घेताना ही लांबी मोजा, इथे खूप जण फसतात. सगळं लाकूड राऊटरने खाऊ नका, आधी जिगसॉने रेघेच्या आत ३ एमएम सोडून कापून घ्या. खाली टाकाऊ प्लाय लावा, साचा स्क्रूने पक्का करा (मागच्या न दिसणाऱ्या बाजूने), आणि ४-४ एमएमच्या पासाने घड्याळासारखं फिरा. पाकळीच्या टोकाला लाकडाच्या रेषा आखूड होतात आणि टोक उडायची भीती तिथेच, म्हणून मी महिरप अखंड फळीत न करता दोन अर्धे मधोमध जोडून करतो, रेषा तिरप्या चढत्या ठेवून, मग टोकांना आधार मिळतो. उलट्या दिशेने हलका पास मारला तर फाटत नाही असं तुम्हाला कोणी सांगेल, ते खरं आहे, पण मशीन पळतं, पहिलं वर्षभर ते करू नका.

गॅलरीत काम करणार म्हणून धुळीचं. लाकडाची धूळ जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने पहिल्या गटात टाकलेली आहे, म्हणजे माणसात कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींमध्ये. सागाच्या भुशाने काहींच्या अंगाला खाजही सुटते. एन ९५ मास्क, गॉगल, कानात प्लग, आणि मशीनच्या धुळीच्या तोंडाला व्हॅक्यूमचा पाईप. हातमोजे घालायचे नाहीत, गळ्यातला रुमाल काढून ठेवायचा, आणि बिट बदलताना प्लग भिंतीतून काढलेला हवा, नुसतं बटण बंद करून चालत नाही.

आता तुम्ही दोन गोष्टी करा. ट्रिमरचं कॉलेट काढून त्याच्यावर माप कोरलंय का बघा, आणि त्या उतरलेल्या बिटाची दांडी व्हर्नियरने मोजा. ६.३५ आणि ६.०० असे आकडे आले तर ६ चं कॉलेट आणा, तीच खोबण सागाच्या टाकाऊ तुकड्यावर दोन-तीन पासात मारून बघा, आणि काय झालं ते मला कळवा, मशीन त्यानंतर घ्या. दोन्ही आकडे सारखे निघाले तर बहुधा कॉलेट झिजलंय, तरी आधी कॉलेटच बदला.

आणि ती ९ एमएम झालेली चौकट फेकली नसेल तर फेकू नका. मागच्या फळीची खोबण असेल तर ती शेवटपर्यंत ९ चीच करून घ्या, फक्त पट्टीच्या उरलेल्या लाकडात तेवढी जाडी आहे ना बघा. पावसाळ्यात फळी फुगते तेव्हा तिला सरकायला दोन-तीन एमएम जागा तशीही सोडावीच लागते, ती तुमच्याकडे आयती झालीये. फळी खोबणीत चिकटवू नका, सुटीच राहू द्या.